जेओमेत्रा अंदाजे आणि बिनमध्याचं वर्तुळ

उल्देरिगो पांझाव्होल्ता हा माणूस जन्मापासून गोंधळलेला आहे, असं त्याची बायको इरिदे म्हणायची. ती त्याला जन्मापासून ओळखत नव्हती, पण या बाबतीत तिचा शब्द आमच्या मोन्तेरीवोत कुणी खोडून काढत नसे.

तो मोजणीदार होता. आमच्याकडे मोजणीदाराची परीक्षा पास झालेल्या माणसाच्या नावाला 'जेओमेत्रा' ही पदवी चिकटते आणि ती शवपेटीचं झाकण लागेपर्यंत सुटत नाही. चर्चच्या दारात, न्हाव्याच्या खुर्चीत, अगदी भांडणातसुद्धा लोक आधी 'जेओमेत्रा' म्हणतात आणि मग शिवी देतात. उल्देरिगोला मात्र गावाने आणखी एक शेपूट जोडलं होतं. त्याला सगळे 'जेओमेत्रा अंदाजे' म्हणत.

त्याचं असं झालं. शाळेत त्याला शिकवलं होतं की रेषेला जाडी नसते. नोकरी लागून शेतात गेल्यावर त्याला कळलं की रेषेत बेडूक असतात. नकाशावर जी हद्द केसाएवढी, ती जमिनीवर चांगली पुरुषभर रुंद चर असायची. एका बाजूला पीचची बाग, दुसऱ्या बाजूला द्राक्षं, आणि मध्ये गढूळ पाणी. दोन्हीकडचे मालक काठावर उभे राहून विचारायचे, हद्द नक्की कुठली, हा काठ की तो? उल्देरिगो म्हणायचा, मधोमध. मग ते विचारायचे की दर हिवाळ्यात चर सरकतो, तर मधोमध म्हणजे कुठे? इथे उल्देरिगो टोपी काढायचा, डोकं खाजवायचा आणि नकाशावर दोन बारीक तुटक रेषा काढून मधल्या पट्टीत तिरप्या रेघा भरायचा. मोजणी खात्यात वादातल्या हद्दीची ती जुनी खूण होती. बाकीचे मोजणीदार ती क्वचित वापरत. उल्देरिगोने जवळजवळ सगळा तालुका तिरप्या रेघांनी भरून टाकला. आणि खाली सही करताना सहीच्या आधी लिहायचा, 'अंदाजे'.

गंमत अशी की त्याची मोजणी वाईट नव्हती. त्याला फक्त दोन्ही बाजू पटायच्या. हा बोलला की हा बरोबर, तो बोलला की तो बरोबर. असा माणूस पाद्री झाला असता तर खपून गेला असता, पण नशिबाने त्याच्या हातात मोजपट्टी दिली.

निवृत्त झाल्यावर तो घरात इरिदेच्या पायात यायला लागला. भाजी चिरायला बसला तर गाजराच्या चकत्या एकसारख्या जाडीच्या होईपर्यंत पाणी उकळून आटायचं. शेवटी तिनेच त्याला जुन्या मठाच्या ग्रंथालयाकडे ढकललं. तिथे तेव्हा प्रोफेसोरेस्सा सान्साविनी नावाच्या प्राध्यापक बाई आमच्या फादर चेल्सोची पत्रं छापायच्या कामाला लागल्या होत्या. त्यांना आकृत्या काढणारा हात हवा होता.

फादर चेल्सो हे मोन्तेरीवोचं एकुलतं एक भांडवल. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या मठात बसून त्यांनी भूमिती केली आणि अर्ध्या युरोपला पत्रं लिहिली. त्यांच्या नावाची आमच्याकडे शाळा आहे, गल्ली आहे आणि एक बऱ्यापैकी रेड वाइनसुद्धा आहे. त्यांनी नक्की काय शोधलं ते गावात कुणाला सांगता येत नाही, पण ते शोधलं त्यांनीच आणि नदीपलीकडच्या पिएवेत्ताच्या ओर्सेल्लीने नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिएवेत्तात नेमकं उलटं शिकवतात. इरिदे पिएवेत्ताची. तिने लग्न करून नदी ओलांडली, पण ओर्सेल्लीला ती बरोबर घेऊन आली होती.

काम तसं सुखाचं होतं. पत्रांच्या समासात, कधी पाठीमागे, कधी वेगळ्या चिटोऱ्यावर आकृत्या होत्या. त्रिकोण, वर्तुळं, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा, टोकांवर अक्षरं. शाई इतकी फिकी आणि पसरलेली की फोटो काढला तर रेषांपेक्षा डागच स्वच्छ यायचे. म्हणून त्या हाताने पुन्हा काढायच्या. बाईंचा नियम एकच होता. कागदावर जसं आहे तसं काढायचं. जसं असायला हवं तसं नाही. फादरने काटकोन तिरका काढला असेल तर तुम्हीही तिरकाच काढा, जेओमेत्रा, तुमचा गुण्या घरी ठेवा.

उल्देरिगोला हे फार आवडलं. मेलेली माणसं काठावर उभी राहून भांडत नाहीत, असा त्याचा समज होता. शिवाय बाईंनी सांगितलं होतं की प्रत्येक आकृतीखाली काढणाऱ्याचं नाव छापलं जाईल. तेव्हा त्याने जरा चाचरत विचारलं होतं, नावाच्या आधी एखादा शब्द चालेल का? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नुसतं नाव.

नुसतं नाव. ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. आयुष्यभर काढलेल्या रेषांपैकी एकही त्याने अंगावर घेतली नव्हती. आता निदान एक तरी रेष अशी काढावी की तिच्याखाली बेलाशक सही ठोकता येईल, आणि तो शब्द लिहावा लागणार नाही. असं त्याने इरिदेला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "बघू, अंदाजे कधीपर्यंत जमेल?"

बरीचशी पत्रं सुरळीत पार पडली, आणि मग ते पत्र आलं.

भांडण साधं आहे. फादर चेल्सोंनी ओर्सेल्लीला एक आकृती पाठवली. एक त्रिकोण, त्यातून काही रेषा ओढायच्या, त्या शेवटी एका बिंदूत भेटतात, त्या बिंदूचं नाव एफ. शेजारी एक वर्तुळ. पत्रात लिहिलं, 'एफ कुठे पडतो ते आकृतीत दिसेलच.' ओर्सेल्लीने तो कागद परत पाठवला, सोबत उत्तर: तुम्ही तो वर्तुळावर दाखवला आहे, ती चूक आहे, तो केसभर बाहेर पडतो. फादरचं त्यावर उत्तर: मी तो बाहेरच दाखवला होता, तुमचे डोळे तपासा. आज जाणकारांना त्यातलं गणित ठाऊक आहे. एफ बाहेरच पडतो, केसभर. प्रश्न एवढाच की फादरने तो पहिल्यांदा बाहेर काढला होता, की पकडले गेल्यावर शब्द फिरवला? साक्षीदार एकच, तो कागद. आणि तो कागद आता उल्देरिगोच्या टेबलावर होता.

त्याने भिंग लावलं. वर्तुळाची रेष पसरून चांगली जाड झाली होती, आणि एफ तिच्या बाहेरच्या कडेला टेकल्यासारखा होता. सकाळच्या उजेडात पाहिलं तर बाहेर वाटायचा, दुपारी पाहिलं तर आत सरकलेला. ते वर्तुळही धड वर्तुळ नव्हतं. आडवं मोजलं की जास्त, उभं मोजलं की कमी. अंड्याला लाज वाटावी इतकं नाही, पण होतं अंड्याच्याच जातीचं.

उल्देरिगोने मनाशी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, मध्य शोधू. कंपास टेकवला की कागदाला भोक पडतंच. भोक सापडलं की त्यावर आपला कंपास ठेवायचा, खरं वर्तुळ फिरवायचं, आणि एफ कुठे पडतो ते आपोआप कळेल. त्याने कागद खिडकीच्या काचेवर धरला.

भोक नव्हतं.

त्याने दुसरी पत्रं धरली. त्यांतही नव्हतं. फादर चेल्सोंच्या एकाही वर्तुळाला मध्य नव्हता. त्याने बाईंना दाखवलं. त्या भूमितीच्या नव्हत्या, जुन्या हस्ताक्षरांच्या होत्या. त्यांनी भुवया वर केल्या आणि म्हणाल्या की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, पण कागदावर भोक नसेल तर आकृतीतही नको. आहे तसं काढा.

आहे तसं म्हणजे कसं? अंडं काढायचं की वर्तुळ? रेष जाड काढायची की बारीक? बारीक काढली तर ती जाड रेषेच्या आतल्या कडेने न्यायची की बाहेरच्या? आतल्या कडेने नेली की एफ बाहेर आणि मोन्तेरीवो जिंकलं. बाहेरच्या कडेने नेली की एफ रेषेवर आणि पिएवेत्ता जिंकलं. उल्देरिगोला पुन्हा तो चर दिसायला लागला, बेडकांसकट.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ग्वाल्तिएरोच्या बारमध्ये पत्त्यांचा डाव थांबवून लोक मतं द्यायला लागले. एकाचं म्हणणं, फादर थोर माणूस, त्यांना कंपास कशाला लागतो, हातानेच फिरवत असतील. दुसऱ्याचं म्हणणं, जेवणाची ताटली पालथी घालून काढत असतील. तिसरा म्हणाला, ताटली असेल तर ती पिएवेत्ताची असणार, म्हणून अंडं झालं. बारमालक ग्वाल्तिएरोने उल्देरिगोची कॉफी त्याच्यापुढे ठेवली, जरा वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "जेओमेत्रा, आम्ही काही सांगत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे काढा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की तुम्हाला उद्याही याच गावात कॉफी प्यायची आहे."

घरी इरिदेने कपेल्लेत्ती, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या टोप्या, रश्श्यात केल्या होत्या. वाढता वाढता तिने विचारलं की एफ आज कुठे होता. त्याने सांगितलं, सकाळी बाहेर, दुपारी आत.

"आणि आता?"

"आता कुलपात."

"तू आणि तुझा फादर सारखेच," ती म्हणाली. "कुठे उभे आहात ते दुसऱ्याने सांगायचं. आमचा ओर्सेल्ली बघ, एका वाक्यात बोलून मोकळा झाला."

"तो एका वाक्यात बोलू शकला, कारण त्याच्याकडे ओला न झालेला कागद होता," उल्देरिगो म्हणाला आणि त्याचा चमचा हवेतच थांबला.

ओला झालेला कागद. ग्रंथालयाच्या फाटकाशी पुराची खूण होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. दोन महायुद्धांच्या मध्ये केव्हातरी नदी मठात शिरली होती आणि तळमजल्यावरची सगळी पत्रं भिजली होती. ती कुणी वाळवली, असं त्याने विचारल्यावर इरिदे म्हणाली, नन्सनी, आणखी कोणी. आमच्या नदीकाठच्या दोन्ही गावांत ओलं काहीही असो, ते सांता मार्ताच्या नन्सकडेच जायचं. बिशपचे झगे, वेदीवरची वस्त्रं, नवरीची झालर. स्टार्च, इस्त्री आणि रफू यांत त्यांचा हात कुणी धरला नव्हता. त्यातली एक अजून आहे, सिस्टर पाचिफिका. पण तिच्याकडे जाताना वेळ घेऊन जा, ती देवाशी बोलत असली तर आधी त्याचं संपू देते.

सिस्टर पाचिफिका अंगणात उन्हात बसली होती. एवढीशी, धुऊन धुऊन आटलेल्या कापडासारखी. तिने उल्देरिगोला बसायला सांगितलं आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे पाहून विचारलं की इस्त्री कोण करतं. बायको, असं त्याने सांगितल्यावर तिने देवाकडे पाहून मान हलवली.

पुराचं तिला सगळं आठवत होतं, नको तितकं. पत्रं गाडीत घालून आणली, तेव्हा ती नवशिकी होती. आधी ती सगळी दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. वाळल्यावर ती चुरगळलेली दिसली, तेव्हा मदर म्हणाल्या, पाद्र्याचे कागद असे परत पाठवायचे? मग इस्त्रीची मेजं लावली. वेदीचं वस्त्र करतात तसंच केलं: जरा ओलसर करायचं, डाव्या हाताने ताणायचं, उजव्या हाताने इस्त्री फिरवायची. बिशप स्वतः बघायला आले आणि म्हणाले, नवे वाटतात.

उल्देरिगोने खिशातून पेन्सिल काढली. त्याचा चेहरा उजळला होता. ताणलं कुठल्या बाजूला, एवढं कळलं तर हिशोब करून अंड्याचं वर्तुळ परत करता येणार होतं.

"सिस्टर, कागद ताणलात तो आडवा की उभा?"

"जसं कापड म्हणेल तसा."

"पण कागद होता ना तो."

"कागद काय म्हणणार, पोरा. मी आडवा ताणायची. माझ्या शेजारची उभा ताणायची. तिला कुणी शिकवलंच नव्हतं."

"आणि कुठला कागद कुणी केला?"

सिस्टर पाचिफिका हसली. तिला एवढ्या वर्षांत कुणी याहून भोळा प्रश्न विचारला नसावा.

उल्देरिगोने पेन्सिल खाली ठेवली. मग, आलोच आहे तर विचारून घ्यावं म्हणून, त्याने भोकांचं विचारलं. वर्तुळांच्या मधोमध बारीक भोकं असायला हवी होती, ती कुणी पाहिली होती का?

आता तिच्या तोंडावर खरा अभिमान आला. "पाहिली होती का म्हणजे? एकूण एक बुजवली. किडीने बिचाऱ्या पत्रांची चाळण केली होती. आणि कीड बघ कशी, बरोब्बर प्रत्येक गोलाच्या मध्यात. आम्ही म्हणायचो, गोडाचं काहीतरी लावत असेल पाद्री तिथे. तांदळाच्या खळीत बारीक कागद कालवून, सुईच्या टोकाने भरायचो. उलट सुलट बघ, सापडणार नाही तुला."

सापडलं नव्हतंच. उल्देरिगो तिच्या बोटांकडे पाहत राहिला. ती बोटं आता वाकली होती, तरी बोलताना हवेत सुई धरत होती.

"फार सुरेख काम आहे, सिस्टर," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, हीच तर पंचाईत होती.

तो निघाला तेव्हा तिने मागून हाक मारली. तिला आणखी एक आठवलं होतं. कागदांवर माश्या बसून गेल्याचे काळे ठिपके होते, तेही त्यांनी ओल्या कापसाने टिपून काढले होते. सगळे नाही निघाले. काही गोलांच्या कडेला होते, ते तसेच राहिले.

उल्देरिगो नदीच्या पुलावर बराच वेळ उभा राहिला. येताना त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. आता काहीच कळेनासं झालं होतं. कागद ताणलेला, पण कुठे ते माहीत नाही. मध्य होता, पण नन्सनी बुजवला. आणि ज्या एफसाठी दोन गावं साडेतीनशे वर्षं एकमेकांच्या वाइनला व्हिनेगर म्हणत आली, तो फादर चेल्सोंचा बिंदू आहे की माशीचा, तेही आता सांगता येत नव्हतं. पुलाच्या अलीकडे मोन्तेरीवो, पलीकडे पिएवेत्ता, आणि हद्द पाण्याच्या मधोमध. ती त्यानेच मोजली होती. अंदाजे.

त्याने बाईंना सगळं सांगितलं. बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. त्या म्हणाल्या की छपाईला आता थांबता येणार नाही. त्याला जमत नसेल तर त्या स्वतः आकृती काढतील, फादरच्या शेवटच्या पत्रावरून, एफ सरळ बाहेर दाखवून. सोपं आहे. खाली नाव त्याचंच राहील, कारण बाकी सगळ्या त्यानेच काढल्या आहेत.

उल्देरिगो सहसा कुणाला नाही म्हणत नसे, कारण समोरच्याचं पटायचंच. बाईंचंही पटलं. तरी तो म्हणाला, "माझ्या नावावर मी न पाहिलेली रेष नको, प्रोफेसोरेस्सा. मला उद्यापर्यंत द्या." हे बोलून तोच दचकला.

दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या टेबलावर कागद पसरला. इरिदेने पीठ मळायचं काम बाजूला ठेवलं आणि फडक्याला हात पुसत पाठीमागे येऊन उभी राहिली. त्याने त्रिकोण काढला, जसा होता तसा. रेषा काढल्या, जशा होत्या तशा. मग कंपास घेतला, टेकवला, आणि एक वर्तुळ काढलं, तुटक रेषेत. ती जाड रेषेची आतली कड, अंडं सगळ्यात अरुंद होतं तिथली. मग कंपास किंचित उघडून दुसरं, तेही तुटक. ती बाहेरची कड, अंडं सगळ्यात रुंद होतं तिथली. मधल्या पट्टीत त्याने तिरप्या रेघा भरल्या, एकेक, गाजराच्या चकत्यांसारख्या एकसारख्या. आणि एफ हा ठिपका त्या पट्टीत ठेवला.

"हा तर चर," इरिदे म्हणाली.

"हो."

"म्हणजे एफ चरात पडला."

"कागदावर तो तिथेच आहे. त्यापलीकडचं ज्याला माहीत असेल त्याने काढावं."

मग त्याने पेन उचललं. सहीच्या आधी त्याचा हात सवयीने थांबला. इरिदेही श्वास रोखून होती. तो शब्द येणार यावर तिने मनातल्या मनात पैज लावली असती. पण चराची रुंदी त्याला पक्की ठाऊक होती. त्याने ती दोन्ही कडांनी मोजली होती, सकाळच्या उजेडात आणि दुपारच्याही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच त्याने काढलं होतं, आणि जे माहीत नव्हतं तेही रेघा भरून दाखवलं होतं. त्याने सही केली. उल्देरिगो पांझाव्होल्ता. नुसती.

बाईंनी आकृती बराच वेळ पाहिली. असं कुणी काढत नाही, म्हणाल्या. मग त्यांनी ती छापायला पाठवली, कारण कागदावर जसं आहे तसं, हा नियम त्यांचाच होता.

पुस्तक आलं तेव्हा ग्वाल्तिएरोने ते बारमध्ये काउंटरवर उघडून ठेवलं आणि गिऱ्हाइकांना दाखवलं की एफ आतल्या वर्तुळाच्या स्पष्ट बाहेर आहे, म्हणजे फादर बरोबर. पिएवेत्ताच्या बारमध्ये तेच पान उघडून दाखवत होते की एफ बाहेरच्या वर्तुळाच्या बाहेर गेलेलाच नाही, म्हणजे ओर्सेल्ली बरोबर. दोन्हीकडे उल्देरिगोला कॉफी मिळायला लागली. हे कसं झालं ते त्याला आजही नीटसं उमगलेलं नाही. कुणी विचारलं तर तो टोपी काढून डोकं खाजवतो.

उल्देरिगोने हाताने काढलेली ती आकृती ग्रंथालयाने जपून ठेवायला मागितली. द्यायच्या आधी उल्देरिगोने ती घरी खिडकीच्या काचेवर धरली. वर्तुळांच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा. तो कुणाचा, याबद्दल कसलाही वाद होऊ शकत नव्हता. त्याने पेन्सिलने शेजारी एक छोटा बाण काढला आणि बारीक अक्षरात लिहिलं:

'हे भोक कंपासाचं आहे, मीच पाडलेलं. कृपया बुजवू नये.'